शेतावर कंटेनरचं घर: वीस फुटी डबा बारमाही राहण्याजोगा कसा करायचा

शेतावर राहायला जायचं ठरलं की बऱ्याच जणांच्या मनात आधी कंटेनर येतो, आणि त्याची कारणं रास्त आहेत. भिंती, छत, जमीन हे सगळं एका दिवसात ट्रेलरवरून उतरतं. गवंड्याच्या तारखा सांभाळाव्या लागत नाहीत, शिवाय पुढे जागा बदलली तर डबा उचलून नेता येतो. पण हा डबा मालासाठी बनवलेला आहे. मालाला ऊन लागलं तरी बिघडत नाही, त्याला हवा लागत नाही आणि आतून दार उघडून बाहेर यायचं नसतं. माणसाला मात्र सावली, वारा आणि आतून उघडणारं दार या तिन्ही गोष्टी लागतात. कंटेनरचं घर करायचं म्हणजे मुळात हीच तीन कामं करायची.

म्हणून पैशांचा क्रमही आधीच ठरवून घ्या. पहिला पैसा डब्यावरच्या वेगळ्या छपराला, दुसरा पायाला, तिसरा संडास-पाण्याला, मग वीज, आणि शेवटी आतली सजावट. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात. आत सुरेख लाकडी पॅनेलिंग होतं, दिव्यांची रोषणाई होते आणि पहिल्या एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही. छप्पर आणि पडवी नीट झाली तर साधा डबाही वर्षभर सुखाने राहण्यासारखा होतो.

कागदपत्रं

"डबा उचलता येतो, त्याला परवानगी लागत नाही" असं विकणारे सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका. पाया घातला, वीज घेतली, संडास बांधला आणि माणसं राहू लागली की ते राहतं घरच. जागा ज्या ग्रामपंचायतीच्या किंवा नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत येते, तिथे शेतघराचे नियम काय आहेत ते लेखी विचारून घ्या. जमीन समुद्राजवळ असेल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, निर्बंध येतात. घाटमाथ्यावर आणि वनालगत आणखी निर्बंध असू शकतात. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, तेव्हा आधी डबा आणि मग जमीन असा उलटा प्रवास करू नका.

विजेचंही तसंच. शेतीपंपाच्या जोडणीवरून घर चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. महावितरणकडे घरगुती जोडणीसाठी वेगळा अर्ज करा, आणि तो डबा येण्याआधी करा. खांब लांब असेल तर त्या कामाला वेळ लागतो.

डबा निवडणं

मुंबई-पुण्याकडच्या लोकांसाठी जुन्या डब्यांचा मोठा बाजार न्हावा-शेवा बंदराच्या (जुनं नाव जेएनपीटी) आसपास, म्हणजे उरण, द्रोणागिरी, पनवेल, कळंबोली या पट्ट्यात आहे. भाव जागतिक मालवाहतुकीप्रमाणे वरखाली होतात, त्यामुळे एकाच आठवड्यात तीन-चार यार्डांत जाऊन डबे पाहा आणि भाव काढा. फोटोवरून डबा घेऊ नका.

वीस फुटी डबा बाहेरून ६.०५८ मीटर लांब, २.४३८ मीटर रुंद आणि २.५९१ मीटर उंच असतो. आतून साधारण ५.९० बाय २.३५, उंची २.३९ मीटर. म्हणजे आतली जागा १५० चौरस फुटांच्या जरा आत. रिकाम्या डब्याचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. चाळीस फुटीत जागा दुप्पट मिळते, शिवाय त्यात हायक्यूब म्हणजे एक फूट जास्त उंचीचे डबे सहज मिळतात. तरीही शेतासाठी मी वीस फुटीच सुचवेन. चाळीस फुटी ट्रेलर गावातल्या वळणावर वळत नाही आणि पाणंदीत शिरत नाही. एक माणूस असेल तर एक वीस फुटी पुरतो. जोडपं किंवा छोटं कुटुंब असेल तर दोन वीस फुटी डबे समोरासमोर, मधे दहा-बारा फूट जागा सोडून, आणि वर सगळ्यांना मिळून एकच छप्पर. मधली पडवी ही त्या घरातली सगळ्यात वापरातली खोली होते. पैसे एकदम नसतील तर दुसरा डबा दोन वर्षांनी आणा, पण छपराची आखणी पहिल्याच दिवशी दोन्हींसाठी करा.

रीफर, म्हणजे थंड मालाचा डबा, भिंतीत इन्सुलेशन आयतं असल्यामुळे आकर्षक वाटतो. त्याच्या भिंतीत खिडकी कापणं आणि ती कापलेली कड नीट बंद करणं किचकट काम आहे, जमीनही खाचांच्या अ‍ॅल्युमिनियमची असते. साध्या घरासाठी तो नको.

यार्डात गेल्यावर आत उभे राहा आणि बाहेरून दारं लावायला सांगा, सोबतचा माणूस बाहेर ठेवूनच. भर दुपारी आत अंधारात उभं राहिलं की छतातलं, भिंतीतलं प्रत्येक भोक उजेडाच्या टिपक्यासारखं दिसतं. मग नाकाने तपासा. रसायनाचा उग्र वास येत असेल तर तो डबा सोडा, कितीही स्वस्त असला तरी. जमिनीवर चालत टाचेने ठोकत जा, मऊ लागलं तर प्लायवूड कुजलंय. छतावर चढून बघा. खोल पोचे असतील तर तिथे पाणी साचून गंज धरलेला असणार. खाली वाकून आडव्या पट्ट्या बघा, कारण गंज तिथे आधी लागतो आणि शेवटी दिसतो. चारही कोपऱ्यांचे खांब सरळ हवेत. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक जास्त असेल तर डबा मुरगळलेला आहे.

दारावर एक धातूची पाटी असते, सीएससी पाटी म्हणतात तिला. तिच्यावर बनावटीचं वर्ष मिळतं, आणि जमिनीच्या लाकडाला कुठली प्रक्रिया केली आहे त्याचीही नोंद असते. हे लाकूड जहाजातून देशोदेशी फिरणार असल्यामुळे त्यात कीटकनाशक मुरवलेलं असतं. ते उघडं ठेवून त्यावर रांगतं मूल सोडायचं नाही. त्यावर काय करायचं ते पुढे येईल.

कागदांत बिल तर हवंच, शिवाय डब्यावर सीमाशुल्क भरल्याचा पुरावा मागा. परदेशी डबे देशात येतात ते परत जाण्याच्या अटीवर, शुल्क न भरता. इथे विकायचे तर शुल्क भरावं लागतं. डब्यावरचा क्रमांक, म्हणजे चार अक्षरं आणि सात अंक, बिलावर आणि त्या कागदावर एकच आहे ना ते स्वतः ताडून बघा.

पाया

डबा, आतलं सामान, माणसं असं सगळं मिळून चार-पाच टन. चार कोपऱ्यांवर वाटलं तर प्रत्येकी सव्वा टनाच्या आत. हे वजन फार नाही. त्रास देते ती जमिनीची हालचाल. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवर घातलेले चार ओटे चार दिशांना हलतात. ओटे हलले की डबा किंचित पिळतो, दार अडकतं, खिडकीची काच तडकते आणि लोक सुताराला दोष देतात. काळ्या रानात मुरूम लागेपर्यंत खणा. पाच-सहा फुटांवरही मुरूम लागला नाही तर स्थापत्य अभियंत्याला बोलवा, तो पाइल, म्हणजे खोल खांबांचा पाया, सुचवेल. कोकणात जांभ्यावर हे काम निम्म्याने सोपं होतं.

कंटेनर चार कोपऱ्यांवर उभा राहण्यासाठीच बनलेला आहे, त्यामुळे वीस फुटीला मधे आधार लागत नाही. चार खांब, माथा दीड फूट बाय दीड फूट, जमिनीपासून दीड ते दोन फूट वर. खालून वारा खेळला पाहिजे, वाळवी आणि गंज दिसला पाहिजे, आणि साप-उंदीर बसला असेल तर काठी घालून बघता आलं पाहिजे. ही पोकळी पुढे विटांनी बंद करायचा मोह आवरा.

गवंड्याला द्यायची मापं अशी: कोपऱ्यातल्या लोखंडी ठोकळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत लांबीत ५.८५३ मीटर, रुंदीत २.२५९ मीटर, आणि कर्ण ६.२७४ मीटर. दोन्ही कर्ण जुळले की आखणी काटकोनात आहे. माथ्यांची पातळी पाण्याच्या नळीने चारही ठिकाणी तपासा. प्रत्येक माथ्यात १० मिलिमीटरची लोखंडी प्लेट बोल्टांसह काँक्रीटमध्ये बसवा. डबा ठेवल्यावर ठोकळा तिला वेल्ड करता येतो आणि वादळात डबा जागचा हलत नाही.

दिशा इथेच ठरते. डब्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. मग सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडतं आणि मोठ्या भिंतींना दक्षिण-उत्तर मिळते, जिथे सावली करणं सोपं जातं. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, तेव्हा त्या कोपऱ्यात दार किंवा मोठी खिडकी नको.

डबा आणायचा दिवस

आदल्या दिवशी रस्ता चालत जाऊन बघा. ट्रेलरवर चढवलेला डबा जमिनीपासून चार मीटरच्या वर जातो. गावातल्या लोंबत्या तारा, आंब्याच्या फांद्या, मंदिराची कमान यांची उंची मोजा. उतरवायला बारा-चौदा टनी हायड्रा क्रेन पुरते, पण ती उभी राहील ती जमीन घट्ट हवी. पावसाळ्यानंतर लगेच हे काम काढलं तर हायड्रा रुतते. जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. साखळी वरच्या चारही ठोकळ्यांना अडकवा आणि ती लांब घ्या. आखूड साखळी डब्याचे कोपरे आत ओढते. मालाची दारं कुठल्या दिशेला यायची ते यार्डात चढवतानाच सांगा, कारण शेतावर डबा फिरवणं फार जिकिरीचं असतं.

छप्पर

डब्याचं स्वतःचं छत दोन मिलिमीटर पत्र्याचं आहे. ऊन पडलं की ते तापतं आणि ती उष्णता थेट तुमच्या डोक्यावर उतरते. छताखाली कितीही जाड इन्सुलेशन भरलं तरी दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळपर्यंत ती उष्णता हळूहळू आत सोडतोच. तो पत्रा तापूच न देणं हा खरा उपाय. डब्याच्या वर दीड ते दोन फूट मोकळी जागा सोडून दुसरं छप्पर घाला. ऊन वरच्या पत्र्याला लागतं, मधल्या पोकळीतून वारा वाहत राहतो आणि गरम हवा निघून जाते. डब्याचं छत सावलीत राहतं. चंद्रपूर-नागपूरकडे तर याला पर्यायच नाही. तिथे दुसऱ्या छपराशिवाय एसी लावणं म्हणजे महिन्याचं बिल उन्हाला वाहणं.

हे छप्पर डब्यावर टेकवायचं की वेगळ्या खांबांवर? वेगळ्या खांबांवर. डब्यावर टेकवलं की पडवी पुरेशी बाहेर काढता येत नाही, आणि पुढे डबा हलवायचा झाला तर सगळंच उतरवावं लागतं. तीन इंची लोखंडी पाइपचे सहा खांब, त्यावर चौकोनी पाइपची कैची, वर रंगीत गॅल्व्हल्यूम (जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला) पत्रा, फिका रंग. उतार दहा अंशांच्या आसपास. सगळीकडे तीन फूट पागोळी बाहेर, आणि पश्चिमेला पाच-सहा फूट. ज्या लांब बाजूला दार असेल तिथे आठ फुटांची पडवी काढा. पोकळीच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर पारवे घर करतात. मंगलोरी कौलं मिळत असतील तर ती पत्र्याहून थंड आणि पावसात शांत, फक्त वजनाप्रमाणे कैची जाड घ्या आणि उतार पत्र्याहून बराच जास्त ठेवा.

लांब पागोळीला वारा खालून उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात दिवेआगर-श्रीवर्धनच्या भागात धडकलं, तेव्हा घरांवरचे पत्रे किती उडाले ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून खांबाचा पाया वजन पेलण्यासाठी जसा हवा तसाच उपटून निघू नये म्हणूनही हवा. प्रत्येक खांबाखाली किमान तीन फूट खोल काँक्रीट, त्यात अँकर बोल्ट, खांबांमध्ये तिरपे ताण, आणि पत्र्याला रबरी वॉशरचे स्क्रू. कडेच्या दोन ओळींत प्रत्येक नळीवर स्क्रू, मधे एक सोडून एक. फॅब्रिकेटर इथे स्क्रू वाचवतो. स्वतः वर चढून मोजा. कोकणात पश्चिमेकडची झड थोपवायला पावसाळ्यापुरत्या झापा किंवा जाड ताडपत्री बांधायची सोय खांबांवर आत्ताच करून ठेवा.

या छपरावर पडणारं पाणी फुकट घालवू नका. आठ मीटर बाय साडेचार मीटर छप्पर धरलं तर ३६ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पावसाच्या गावातही गळती-उडणं वजा जाता वीस हजार लिटर पाणी पन्हळीतून उतरतं. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर काढून द्या, नंतरचं टाकीत किंवा विहिरीत सोडा.

कापाकापी

डब्याचा सगळा जोर चार खांबांत आणि वरच्या-खालच्या चौकटीत आहे. नालीदार भिंत फक्त १.६ मिलिमीटरची असली तरी तीच डब्याला तिरपा होऊ देत नाही. त्यामुळे कोपऱ्याचे खांब आणि वरची-खालची पट्टी यांना ग्राइंडर लावायचा नाही, आणि कुठल्याही एका भिंतीचा निम्म्याहून जास्त भाग काढायचा नाही. कोपऱ्यापासून दोन फूट सोडून मगच पहिलं भोक.

एक दार, तीन फूट बाय साडेसहा फूट, लांब भिंतीत पडवीकडे. त्याच्या समोरच्या भिंतीत चार बाय तीनची खिडकी, म्हणजे वारा आरपार जातो. तिसरी लहान खिडकी झोपायच्या बाजूला. याशिवाय दोन्ही अरुंद बाजूंना छताजवळ एक-एक फुटाची जाळीदार झरोकी काढा. गरम हवा वर चढते, तिला वरूनच वाट हवी. डब्याला मुळात बारीक हवाछिद्रं असतात, पण ती माल कुबट होऊ नये इतपतच.

क्रम महत्त्वाचा. आधी दोन इंची चौकोनी पाइपची चौकट तयार करा, आतून भिंतीला टाके मारा, मग भोक कापा, मग पूर्ण वेल्डिंग. एकदम सगळी भोकं कापली तर पत्रा ताण सोडतो आणि लाटेसारखा फुगतो. कापताना ठिणग्या प्लायवूडच्या जमिनीवर पडतात, तेव्हा ओलं गोणपाट अंथरा आणि पाण्याच्या दोन बादल्या हाताशी ठेवा. इन्सुलेशन सगळं वेल्डिंग संपल्यावरच. ज्या बाजूने वेल्डिंग झालं त्या बाजूने त्याच दिवशी झिंकचा प्रायमर लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे तांबूस रंग आलेला असतो. प्रत्येक चौकटीवर बाहेरून पत्र्याचा छज्जा आणि सांध्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. सिलिकॉनवर रंग धरत नाही.

आता मालाची मोठी दारं. त्यांचे दांडे फक्त बाहेरून फिरतात. आत माणूस असताना कुणी ती लावली तर आतून उघडायला मार्ग नाही. मुलं असलेल्या घरात हा धोका जरासुद्धा ठेवू नका. दांडे कापून टाका, एक दार कायमचं वेल्ड करा आणि दुसऱ्याला आतून कडी बसवा, किंवा दोन्ही उघडी ठेवून आत काचेची भिंत घाला. तसंच सगळ्या खिडक्यांना पक्के गज ठोकू नका. झोपायच्या बाजूच्या खिडकीचा गजांचा पल्ला बिजागरीवर, आतून उघडणारा हवा. आग दाराच्या बाजूला लागली तर बाहेर पडायला तेवढीच वाट आहे.

इन्सुलेशन आणि घाम

लोखंडी डब्याला घाम येतो. निफाडकडच्या जानेवारीत रात्री छत गार पडतं. आत दोन माणसं दारं-खिडक्या लावून झोपली की त्यांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत मिसळतं आणि ते गार पत्र्यावर थेंब होऊन जमतं. पहाटे पांघरुणावर टपकतं. कोकणात हाच प्रकार पावसाळ्यात एसी लावला की उलट दिशेने होतो. बाहेरची दमट हवा फटीतून शिरून आतल्या गार पॅनेलच्या मागे ओल धरते, आणि ती दिसत नाही. काही महिन्यांनी बुरशीचा वास येतो तेव्हा कळतं.

दोन्हीवर एकच खात्रीचा उपाय: पत्र्याला चिकटून बसणारं, हवा आणि वाफ न शिरू देणारं इन्सुलेशन. म्हणजे फवाऱ्याने मारलेला बंद पेशींचा पीयू फोम, ज्याला बाजारात पफ म्हणतात. दोन इंच जाडी पुरते. नालीदार पत्र्याच्या खाचा तो आपोआप भरतो. त्याचा दोष असा की तो पेट घेतो आणि धूर विषारी असतो, म्हणून तो कुठेही उघडा ठेवायचा नाही. त्यावर ८ ते १० मिलिमीटरचा सिमेंट फायबर बोर्ड. कोकणात जिप्सम बोर्ड टाळा, तो ओल पितो.

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत रॉकवूलही चांगलं काम करतं. ते जळत नाही, स्वस्त पडतं. दोन इंची, घनमीटरला ४८ किलो घनतेचे स्लॅब घ्या आणि आतल्या बाजूने सलग प्लॅस्टिक कागद लावून सांधे टेपने बंद करा. चकचकीत बबल शीटबद्दल विकणारे बरंच काही सांगतात. तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच ती उष्णता परतवते. पत्रा आणि बोर्ड यांच्यात दाबून बसवली तर जवळपास उपयोग नाही. तिची खरी जागा दुसऱ्या छपराच्या खालच्या बाजूला आहे.

पैसे कमी पडत असतील तर उत्तरेची भिंत मागे ठेवा, पण छत आणि पश्चिम भिंत आधी करा.

हे सगळं झाल्यावर आतली रुंदी सव्वासात फूट उरते. सहा फुटांचा पलंग आडवा बसतो. उंची साडेसात फुटांच्या आसपास, म्हणजे हात वर केला की छताला लागतो. इथे छताचा पंखा लावायचा नाही. भिंतीवरचे दोन बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे) पंखे लावा. जमिनीच्या प्लायवूडवर एपॉक्सीचे दोन हात देऊन ते पूर्ण सील करा, मग त्यावर व्हिनाइल किंवा पातळ सिमेंट बोर्ड. फर्निचरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पलंगाखाली खण, भिंतीला घडीचं टेबल, आणि जमीन जितकी मोकळी ठेवाल तितका डबा मोठा वाटतो.

बाहेरून तारेच्या ब्रशने गंज काढा, एपॉक्सी प्रायमर, वर पीयूचा पांढरा किंवा फिका रंग. कंटेनरचं पोलाद स्वतःच गंजाचा संरक्षक थर धरतं हे खरं, पण तो थर नीट जमायला ओलं-कोरडं असं आलटून पालटून लागतं. समुद्राजवळच्या खारट, सतत दमट हवेत तो भरवशाचा नाही.

वीज

लोखंडी घरात अर्थिंग हा जिवाचा प्रश्न आहे. एखादी वायर सोलवटून पत्र्याला लागली तर अख्खा डबा करंट मारतो. डब्याच्या खालच्या चौकटीला दोन ठिकाणी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी जोडून दोन वेगळ्या अर्थ पिटांत न्या आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. पत्र्यातून जाणारी प्रत्येक वायर पाइपात आणि भोकाला रबरी बूच. दिवे, दोन पंखे, १९० लिटरचा फ्रिज, फोन, वायफाय असं धरून दिवसाला दोन-अडीच युनिट लागतात. एक किलोवॅटचे सौर पॅनेल उन्हाळ्यात चार युनिटपर्यंत देतात, जुलै-ऑगस्टमध्ये बरेच खाली येतात. त्यामुळे शक्य तिथे महावितरणची जोडणी ठेवून सौर जोडीला घ्या. एसी घ्यायचाच तर पाऊण ते एक टन पुरतो. त्याचं बाहेरचं यंत्र जमिनीवरच्या स्टँडवर ठेवा. पत्र्याच्या भिंतीला टांगलं तर रात्रभर घर गुणगुणतं.

पाणी, संडास, चूल

हजार लिटरची टाकी भरली की एक टन. तिला डब्याच्या छतावर ठेवू नका, वेगळा मचाण करा.

संडास-न्हाणी डब्यात घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. दीडशे चौरस फुटांतले तीस फूट जातात, ओल कायमची घरात येते आणि प्लायवूड तीन-चार पावसाळ्यांत कुजतं. पडवीच्या टोकाला, त्याच छपराखाली, विटांची किंवा जांभ्याची वेगळी बांधा. रात्री भिजत जावं लागत नाही. मैल्यासाठी दोन शोषखड्ड्यांची पद्धत उत्तम. जाळीदार विटांचे दोन खड्डे, प्रत्येकी मीटरभर रुंद आणि तेवढेच खोल, दोघांत मीटरभर अंतर, मधे वाय आकाराची चेंबर. एक खड्डा भरला की दुसरा सुरू. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत वास नसलेलं खत तयार होतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करण्याच्या कामासाठी आयुष्य वेचलं, आपल्या मातीत ही वाट जुनीच आहे. विहीर किंवा बोअर किमान पंधरा मीटर लांब हवी, आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येत असेल तर खड्डे उथळ आणि उंच करा. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी केळी, कर्दळ आणि अळूच्या वाफ्यात सोडा.

स्वयंपाक पडवीत. एलपीजी हवेहून जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि कंटेनरसारख्या सगळीकडून बंद जागेत त्याला बाहेर पडायला फट मिळत नाही. सिलिंडर बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, नळी पाच वर्षांनी बदला. पावसाळ्यात आत शिजवायची वेळ येणार असेल तर ओट्याखाली जमिनीलगत दोन जाळीदार भोकं आधीच काढा. थंडीत ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन झोपायचं नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

पहिला पावसाळा

मेच्या मध्यावर सगळ्या खिडक्यांवर पाइपने पाणी मारा, आधी खालून, मग वरून, प्रत्येकीवर पाच मिनिटं. आत दुसऱ्या माणसाने बॅटरी घेऊन सांधे बघायचे. गळेल तिथे लावलेलं सीलंट पावसाआधी सुकायला अजून वेळ असतो. खालच्या चौकटीत पाणी बाहेर जाण्याची बारीक छिद्रं असतात, ती रंगाने बुजली असतील तर तारेने मोकळी करा. जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन डब्याभोवती एक फेरी मारा आणि पागोळीचं पाणी कुठे पडतं, पायाकडे वळतं का ते बघा. वळत असेल तर त्याच वेळी कुदळीने चर काढून उताराकडे लावा, पाऊस थांबल्यावर पाण्याची ती वाट दिसत नाही. ऑगस्टमध्ये एकदा पलंग भिंतीपासून ओढून मागच्या बोर्डावर हात फिरवा. गार आणि दमट लागला तर तिथला झरोका वाढवा, आणि पलंग कायमचा चार बोटं भिंतीपासून दूर ठेवा.